मगनमामाचं अर्धं ब्लेड

माझा मामा मगन देवमाणूस आहे. तापीकाठच्या आमच्या गावात कोणालाही विचारा, वरल्या गल्लीत विचारा, खालच्या गल्लीत विचारा, भिलांच्या वस्तीत, भिलाटीत जाऊन विचारा, सगळे हेच सांगतील. दारू नाही, विडी नाही, दर सोमवारी प्रकाशा गावी जाऊन महादेवाचं दर्शन. घरात विंचू निघाला तर चिमट्यात धरून बांधापलीकडे सोडून येतो, मारत नाही. बैल मेला तेव्हा दोन दिवस जेवला नव्हता. आई गेल्यावर मला त्यानेच वाढवलं, शिकवलं. आज मी शहाद्याला एका शाळेत शिकवते ती त्याच्या जिवावर. आणि आता त्याच्या हातचा चहासुद्धा माझ्या घशाखाली उतरत नाही.

मामा खोक पाडून देतो. म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या पट्ट्याबाहेरच्या माणसाला हे पटकन कळत नाही. दोन घरांत मारामारी होते. एकाने दुसऱ्याला बदडलं. बदडलेला माणूस ठाण्यात तक्रार द्यायला निघाला की बदडणाराही निघतो, कारण त्यालाही उलटी तक्रार द्यायची असते. त्याला आम्ही क्रॉस केस म्हणतो. पण तक्रार द्यायची तर अंगावर काहीतरी दिसलं पाहिजे. मग तो आधी आमच्या ओसरीवर येतो. मामा पूर्वी एका खासगी दवाखान्यात बारा वर्षं कंपाउंडर होता, हात हलका. तो केसांच्या कडेला ब्लेडने असा कापतो की जखम वरवरची होते आणि रक्त मात्र गळ्यापर्यंत येतं. "पुसू नको," तो सांगतो, "तसंच जाय." मग दोन्ही बाजूंच्या केसेस लागतात, दोन्हीकडचे लोक तीन-चार वर्षं तारखांना जातात, कंटाळतात आणि शेवटी कोर्टात आपसात मिटवतात. मार खाल्लेला आणि मार दिलेला एका पंगतीत बसून वरण-बट्टी खातात. गाव म्हणतं, मगनभाऊमुळे मिटलं.

तो कोणाकडून काही घेत नाही, हेही सांगायला हवं. चहा पाजतो वर. कापताना माणसाला बोलण्यात गुंतवतो, पोरीचं लग्न कुठे जमलं, पपईला भाव काय. आणि एक प्रश्न तो कधीच विचारत नाही. "आधी कोनी मारं ते मी इचारत नही," असं तो अभिमानाने सांगतो, जसा एखादा आपण उपास मोडत नाही म्हणून सांगतो.

हे त्याच्यात कुठून आलं ते मला माहीत आहे, आणि माहीत असूनही माझा राग कमी होत नाही.

मामा नऊ वर्षांचा होता. ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि खालच्या गल्लीच्या सहा जणांनी माझ्या आजोबांना, शांतीलालना, भर चौकात लाठ्यांनी झोडलं. बरगड्या मोडल्या. आजोबा पोराचा हात धरून पाच मैल चालत ठाण्यात गेले. तिथे पोचले तर खालच्या गल्लीवाले ट्रॅक्टरने आधीच येऊन बसलेले, आणि त्यांच्यातल्या एकाचं डोकं फुटलेलं, सदरा लालभडक. हवालदाराने आजोबांना विचारलं, तुला कुठे लागलं, दाखव. आजोबांनी सदरा वर केला. काळेनिळे वळ होते, पण आजोबा मुळातच काळे, दिव्याच्या उजेडात काय दिसणार? बरगडी आत मोडलेली कशी दाखवायची? चार दिवस आत राहिले ते आजोबा. मामा ठाण्याच्या पायरीवर बसून होता आणि समोरच्या ओट्यावर खालच्या गल्लीवाले भजी खात होते. त्यांनी मामालाही भजी दिली. मामाने खाल्ली, भूक लागली होती.

आजोबा पुढे सहा वर्षं खोकत राहिले आणि गेले. मामा ही गोष्ट सांगतो तेव्हा मारणाऱ्यांबद्दल एक वाईट शब्द काढत नाही. त्याला हवालदाराचाही राग नाही. त्याला राग आहे तो फक्त आपल्या बापाचा, की एवढं साधं त्याला सुचलं कसं नाही. वाटेत एखाद्या दगडावर डोकं आपटून घेतलं असतं तर काम झालं असतं! नऊ वर्षांच्या पोराने जन्मभरासाठी उचललं ते एवढंच.

आणि आम्ही पोरं तरी काय वेगळी होतो? आमच्या गल्लीत एक खेळ होता, 'केस केस'. दोघांनी भांडायचं, मग दोघांनी आपापल्या घरी पळायचं, देवघरातलं कुंकू कपाळाला फासायचं आणि पिंपळाच्या पारावर बसलेल्या 'साहेबा'कडे आधी पोचायचं. जो लाल होऊन आधी आला तो जिंकला. मी हुशार होते, फ्रॉकच्या खिशात कुंकवाची पुडी ठेवायचे. मामी, म्हणजे मीनाबाई, ओरडायची ती कुंकू सांडलं म्हणून. खेळ वाईट आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्याही नाही.

मागच्या वर्षी माझ्या वर्गात दोन पोरांची जुंपली. एकाने दुसऱ्याच्या पाठीत कंपास मारली होती. मी धावत गेले आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न आला, "रक्त कोणाचं निघालं?" सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला. शहाद्याची पोरं ती, त्यांना कळेना बाई असं का विचारतात. मी स्टाफरूममध्ये जाऊन दहा मिनिटं नुसती बसून राहिले. मला स्वतःचीच शिसारी आली होती. म्हणून मामाबद्दल बोलते तेव्हा मी काही गंगेत न्हाऊन आलेली नाही, हे आधीच सांगून टाकते.

आता कालीबाईचं सांगते.

कालीबाई भिलाटीतली. मामाच्या शेतात वीस वर्षं कामाला. मला केळीच्या सोपटाची दोरी वळायला तिने शिकवलं, माझ्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या. घरी भिली बोलते, आमच्याशी अहिराणी. दोन महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी मी गावी आले होते. सकाळी दहाच्या सुमाराला ती मागच्या दाराने आली, उजवा हात पदरात गुंडाळलेला. तिची शेळी हेमकांतच्या पपईत शिरली होती. हेमकांत खालच्या गल्लीतला, तिशीचा, ठिबकची जोडणी करतो. ती शेळी काढायला गेली तर त्याने हातातला प्लास्टिकचा जाड पाइप घेतला आणि घातला. एकदा शेळीला, मग तिला. ती खाली पडल्यावरही थांबला नाही. मनगटाच्या वर हात असा वाकला होता की बघवत नव्हतं. मी म्हटलं, "कालीबाई, चला आधी दवाखान्यात, मी रिक्षा बघते."

तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मामाला म्हणाली, "मगनभाऊ, हात मोडना. पन रगत नही निंघनं. ठानामा कोन लिखी?"

म्हणजे ती औषधासाठी आली नव्हती. मोडलेला हात घेऊन अर्धा कोस चालत ती डोकं फोडून घ्यायला आली होती. या गावात जन्म काढला तिने, किती जणांना आमच्या ओसरीवरून लाल होऊन जाताना पाहिलं असेल! तिची खात्रीच होती की रक्ताशिवाय तक्रार लागत नाही. खरी तक्रार आणि खोटी तक्रार, दोन्हींना तेच लागतं.

मामाचे डोळे भरून आले. खरंच आले, मी पाहिलं. "बठ बहिन, घाबरू नको. मी शे ना," म्हणाला. आत जाऊन ब्लेड आणलं, कागदातून काढलं, बोटांनी वाकवून कट्कन दोन तुकडे केले. त्याची ती पद्धतच, अख्खं ब्लेड हातात नीट बसत नाही. हळद तयार ठेवली. कालीबाईने डोळे मिटले. शेळीचं काय झालं असं तो तिला विचारत होता, आणि ती सांगत होती की पळाली, आणि रक्त तिच्या कानामागून चोळीत उतरलं.

मी काय केलं? मी चौकटीला टेकून उभी होते. बी.एड. झालेली, पोरांना मूल्यशिक्षणाचा तास घेणारी. मला चांगलं कळत होतं की हे चुकतंय, तरी मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं, बरं झालं, आता तिची तक्रार घेतील.

दूधवाल्याच्या गाडीवर बसून कालीबाई गेली. अर्धा तास झाला नसेल तोच पुढच्या दाराने हेमकांत आला, बरोबर त्याची आई धनुबाई. धनुबाईने पदर तोंडाला लावलेला. "मगनभाऊ, ती पुढे निंघी गई. मन्हा पोऱ्यानं आते कसं व्हई?"

मला वाटलं, आता तरी मामा नाही म्हणेल. तासाभरापूर्वी त्याच ओसरीवर त्याने तो वाकडा हात पाहिला होता, डोळ्यांत पाणी आणलं होतं. मामाने पाट सरकवला. "बठ," म्हणाला. आणि ब्लेडचा उरलेला अर्धा तुकडा उचलला.

मी ओरडले. पहिल्यांदाच मामावर ओरडले. "मामा, अरे, ह्यानीच तिन्हा हात मोडा!" हेमकांतने मान खाली घातली, लाजल्यासारखी. मामा माझ्याकडे असा बघायला लागला, जणू पाहुण्यांसमोर मी काही अचकट-विचकट बोलले. मामी मला हाताला धरून आत घेऊन गेली. आतून मला ऐकू येत होतं, तो हेमकांतला विचारत होता की यंदा पपईवर व्हायरस आहे का. डाव्या बाजूला, केसांच्या कडेला, दोन बोटं लांब. जसं तिला तसंच त्याला. काम झाल्यावर हात धुता धुता म्हणाला, "दोन्हीस्नं सारखं व्हयनं. आते मिटी जाई."

पण या वेळी सारखं झालं नाही. सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टर आल्या होत्या, तरुण, नेटक्या, जे दिसेल तेवढंच लिहिणाऱ्या. आयुष्यभर आमच्या गावाने आधीच्या डॉक्टरांना जे सांगितलं ते त्यांनी लिहिलं, आणि नेमक्या कालीबाईच्या वेळी एक प्रामाणिक बाई भेटली. कालीबाईने सांगितलं, पाइपने मारलं, डोकंही पाइपने फुटलं. डॉक्टरांनी पाहिलं, पाइपने फुटलं तर कडा फाटतात, ही तर सरळ कापलेली जखम. त्यांनी तसं लिहिलं: डोक्यावरची जखम सांगितल्याप्रमाणे झालेली नाही, स्वतः करून घेतलेली असू शकते. हात मोडलेला आहे, तो माराने मोडू शकतो, पडूनही मोडू शकतो. हेमकांतने सांगितलं, बाईने गवताच्या विळ्याने वार केला आणि पळताना बांधावरून पडली. त्याची जखम सरळ, कापलेली, विळ्याशी जुळणारी. डॉक्टरांनी तेही लिहिलं. एकाच ब्लेडचे दोन तुकडे, एकाच हाताची दोन कामं. तिचं खोटं ठरलं आणि त्याचं खरं ठरलं.

सोमवारी मी ठाण्यात गेले. जमादार वाईट माणूस नव्हता, पण त्याच्यापुढे कागद होता. "मॅडम, बाईने डोकं स्वतः फोडून घेतलं, मग हाताचं तरी खरं कशावरून?" म्हणाला. "उलट विळ्याचा वार तिच्यावर बसतोय. दोन्ही बाजू मिटवायला तयार आहेत. बुधवारी बोलावलंय. मिटवलं तर तिचंच बरं आहे."

म्हणजे आता बुधवारपर्यंतची मुदत होती. आणि मला सरळ दिसत होतं काय करायचं. मामाने येऊन एवढंच सांगायचं, की दोन्ही खोका मी पाडल्या, आणि बाई माझ्याकडे आली तेव्हा हात मोडलेलाच होता. मग डोक्याची भानगड बाजूला होते. विळा उरत नाही, उरतो फक्त मोडलेला हात. कालीबाईला तो एकच रस्ता होता.

मी संध्याकाळच्या एसटीने गावी गेले. मामा अंगणात तुरी पाखडत बसला होता. मी पाया पडले, हट्ट केला, रडले, आजोबांची आठवण काढली. "मामा, तुन्हा बापनं जे व्हयनं तेच तिन्हं व्हई ऱ्हायनं," म्हटलं. "तू तुन्हा डोयासवरी तिन्हा हात देखं ना!"

मामाला राग येत नाही, हे त्याचं सगळ्यात वाईट. तो शांतपणे सूप झटकत राहिला. मग म्हणाला, "लोकेस्ना मन्हावर इस्वास शे, कामिनी. हेमकांतनी हात मोडा, त्यानं पाप त्याले. दगा मी करसू, त्यानं पाप मले."

तो ढोंग करत नव्हता. ढोंगी असता तर मला बरं वाटलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्याच्या मनात खरंच तसाच हिशोब लागलेला होता. हात मोडणं म्हणजे होणारी गोष्ट, पाऊस पडावा तशी, शेळी शेतात शिरावी तशी. नाव सांगणं हे मात्र पाप. पन्नास वर्षं देवाला जाऊन हा माणूस एवढंच शिकून आला. मामीने जेवायला वाढलं, कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. मी ताटावरून उठले. त्या घरात मी पहिल्यांदा अन्न टाकून उठले.

मग मी ठरवलं, मी सांगेन. पाहिलं तर मीही होतं.

बुधवारी रजा टाकली. ठाण्यात सगळे होते. कालीबाई बाकावर, हाताला प्लास्टर, डोक्याला डाव्या बाजूला पट्टी. समोरच्या बाकावर हेमकांत, डोक्याला डाव्या बाजूला पट्टी. मामा मध्ये, मिटवायला आलेला. मी जमादारापुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ओसरी, ब्लेड, दोन तुकडे, मागचं दार, पुढचं दार. मामाने मान वर केली नाही. हेमकांत पांढरा पडला. जमादाराने पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्या तोंडावर जरा माणसासारखा भाव आला. तो कालीबाईकडे वळला. "बाई, ह्या मॅडम म्हणतात ते खरं आहे? डोकं मगन पाटलांनी कापलं? हो म्हटलंत तर मी पुन्हा जबाब घेतो. मग हाताचं बघता येईल."

एका शब्दाचं काम होतं. मी तिच्याकडे बघून मान हलवली, म्हणा, हो म्हणा.

कालीबाई म्हणाली, "नही. डोकावर बी हेमकांतनीच मारं. मगनभाऊनी काहीच करं नही."

जमादाराने दोनदा विचारलं. ती दोनदा तेच म्हणाली. मग त्याने पेन उचललं आणि मिटवल्याचा कागद पुढे सरकवला. तिने डाव्या हाताचा अंगठा दिला.

मी तिच्या मागे बाहेर धावले. उन्हात उभी होती. माझ्याकडे पाण्याची बाटली होती, ती पुढे केली. "असं का केलंत, कालीबाई? हात तुमचा होता!" मी विचारलं.

तिने बाटलीकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, शिळ्या अन्नाचा वास आल्यावर करतात तसं. "मी रडत उनी तवय त्यानी दार उघाडं," म्हणाली. "तू काय करं? उभी ऱ्हायनी. आनि आते तुन्हा मामानं नाव लिधं? तुन्हा हातनं पानी बी नको मले."

तेवढ्यात हेमकांतने जीप आणली. खाली उतरून त्याने मागचं दार उघडलं, आणि प्लास्टरला धक्का लागू नये म्हणून कालीबाईच्या कोपराला हात देऊन तिला सांभाळून वर चढवलं. ती चढली. पदर सावरून, नीट टेकून बसली. मामा पुढे बसला होता. मी नाव सांगितलं, भरल्या ठाण्यात त्याला उघडं पाडलं, तरी त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो हेमकांतच्या बाजूला सरकला आणि माझ्यासाठी जागा केली. "चाल ना बेटा," म्हणाला, "जागा शे."

मागून कालीबाईचा आवाज आला. "ती बसनी ते मी उतरी जासू."

मामाने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग दार ओढून घेतलं आणि ते तिघं गावाला गेले.